तिच्या आईच्या मोरीवरचे टोमॅटो

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. मी नुकताच ओटा घासूनपुसून लख्ख केला होता आणि तिनं आल्या आल्या त्यावर सुक्या शेणाचा एक गोळा ठेवला. लिंबाएवढा, राखेनं पांढुरका झालेला. मी ओरडले. ओरडणं माझ्या अंगवळणी पडलंय. आरोग्य सेविका म्हणून पस्तीस वर्षं डोंगरातल्या वाड्या पालथ्या घातल्या, आणि त्यातली निम्मी वर्षं हात धुवा, पाणी उकळा, बाळाला टोचून घ्या असं ओरडण्यातच गेली. ती मात्र माझ्या ओरडण्याला कधीच भ्यायली नाही. तिच्या पहिल्या बाळंतपणात मी आवाज चढवला, तेव्हा ऐन कळांमध्ये तिनं मला सुनावलं होतं, "तू गप बस गं बाय." आमची मैत्री तेव्हापासूनची.

तिची वाडी कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला आहे. कर्जतच्या बाजारात काहीबाही विकायला आली की परत जाताना ती माझ्याकडे चहाला थांबते. मी निवृत्त झाले तरी तिच्या लेखी अजून नर्सच आहे. आणि मला ती 'तू'च म्हणते. तिच्या वाडीवर सगळ्यांनाच तू म्हणतात, देवालाही आणि नर्सलाही.

"ह्यात बी हाय," ती म्हणाली. "आयेच्या मोरीवरच्या टमाट्याचं. तुझ्या घरात लाव."

मग तिनं सगळं सांगितलं. तिच्या आईच्या घरामागे भांडी घासायची मोरी होती, आणि मोरीच्या पाण्यावर दर हिवाळ्यात टोमॅटोची झुडपं यायची. बोराहून थोडी मोठी फळं, झगझगीत आंबट. जवळ्याच्या चटणीत दोन टाकली की चिंच नको. तिचं लग्न झालं तेव्हा आईनं ते बी राख-शेणाच्या गोळ्यात थापून तिच्या पदराला बांधलं, आणि तिनं ते सासरच्या मोरीवर लावलं. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. आईचं घरही राहिलं नाही. हे बी तेवढं राहिलं होतं. पण गेली दोन वर्षं माकडांनी एक फळ पिकू दिलं नव्हतं. हिरवं असतानाच ओरबाडायची, चव घ्यायची आणि फेकून द्यायची. पूर्वी ती वरच्या रानात असायची. फिरायला येणाऱ्यांनी केळी चारून चारून त्यांना खाली आणलं.

"होळीनंतर पोरीचं लगीन हाय," ती म्हणाली. "पाठवणीला बी बांधायचं. तुझ्या खिडकीला जाळी हाय. तिथं माकाड कुठून येनार?"

म्हणजे होळीपर्यंत पिकलेले टोमॅटो. तेही दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, खिडकीच्या आत. आणि मी अशी बाई, की जिच्याकडे तुळससुद्धा दर वर्षी नवी आणावी लागते.

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण तिचं बोट अजून त्या गोळ्यावर होतं, ते उचलायला तयार नव्हतं. मी म्हटलं, "बघते."

आमच्या ह्यांना कळल्यावर त्यांच्या अंगात वारं शिरलं. हे मूळचे भातशेतीवाल्यांच्या घरातले. नोकरी खोपोलीच्या कारखान्यात झाली, पण मनातलं शेत कधी सुटलं नाही. त्यांनी जाहीर केलं, की राब भाजल्याशिवाय बी टाकायचं नाही. भाताच्या रोपांसाठी आमच्याकडे जमिनीवर पालापाचोळा, शेण पसरून पेटवतात, मग त्या भाजलेल्या मातीत बी टाकतात, तोच हा राब. त्यांनी लोखंडी घमेल्यात माती घेतली, वर शेणी आणि वाळका पाला रचला आणि इमारतीच्या गच्चीवर पेटवून दिलं. धुराचा असा लोट उठला की खालचे दोन मजले जिन्यात जमा झाले. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी सांगितलं, "शेती चाललीये, आग नाही." त्यांनी मला वेड्यात काढलं असणार. मी मनातल्या मनात ह्यांना काढलं.

पण माती झाली मात्र सुरेख. काळी, हलकी, बोटांतून सुळसुळत खाली पडणारी. गोळा फोडला तेव्हा आत पंचवीसेक बिया निघाल्या. चपट्या, तिळाहून थोड्या मोठ्या, अंगावर बारीक लव असलेल्या. मी चष्मा लावून बघत बसले. चार पिढ्यांच्या बायकांनी त्या जपल्या होत्या म्हणे, की पाच पिढ्यांच्या, तिलाही माहीत नव्हतं. आणि त्या माझ्या तळहातावर होत्या, फुंकर मारली तर उडून जातील अशा. मी उठून खिडकी लावून घेतली. माझ्या हातात इतकी नवजात बाळं आली, पण इतक्या जपून कुणाला धरलं नव्हतं.

रंगाच्या रिकाम्या डब्यांना तळाशी भोकं पाडून त्यात बी टाकलं. नऊ उगवली. पूर्वेच्या खिडकीत डबे ओळीनं ठेवले. आमच्याकडे थंडीत सूर्य घाटाच्या कड्यावर चढून यायला वेळ लावतो, आठ वाजून गेले तरी खिडकी सावळीच असते. पण एकदा ऊन आलं की रोपं त्याच्याकडे वळायची. मी डबा फिरवून ठेवायची, तर संध्याकाळपर्यंत ती पुन्हा काचेकडे तोंड करून उभी. कुणी ढकललं नाही, कुणी सांगितलं नाही. एवढंसं देठ, पण दिशा पक्की. मी दिवसातून दोनदा डबे फिरवू लागले, निव्वळ त्यांचं परत वळणं बघण्यासाठी. ह्यांनी विचारलं, "झाडांना त्रास द्यायला निवृत्ती घेतलीस का?"

मार्गशीर्षात मी चार दिवस बहिणीकडे गेले. जाताना ह्यांना बजावलं, रोज एकेक पेला पाणी घाला. ह्यांनी मान हलवली आणि एक थेंब घातला नाही. परत आले तर नऊच्या नऊ रोपं डब्याच्या काठावर मान टाकून पडलेली, पानं सुकलेल्या कोथिंबिरीसारखी. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला.

ह्यांना खरंच नवल वाटलं होतं. "अगं, हिवाळी पिकाला कोन पानी घालतं? वालाला आपण कधी घातलंय का? भात निघालं की वाल टाकायचा, जमिनीतली ओल आनि वरचं दव. त्याच्यावर येतो की नाय?"

"येतो. पण दव पडायला आभाळ लागतं," मी म्हटलं. "इथं छताला पंखा आहे!"

हे वर बघत राहिले. बासष्ट वर्षांच्या माणसानं घरात दव पडत नाही हे पहिल्यांदा लक्षात आल्यासारखं पंख्याकडे बघितलं. मला इतका राग आला होता, तरी त्या चेहऱ्यापुढे हसू आवरेना. इथला दुसरा कुणी वालवाला असता, तर त्यानंही हेच केलं असतं.

मी प्रत्येक डब्यात थोडं थोडं पाणी घातलं आणि समोर स्टूल घेऊन बसले. आशा नव्हती. अर्ध्या तासात काही झालं नाही. मग एका पानाचं टोक हललं. वारा नव्हता, खिडकी बंद होती. मग देठाचा वाक थोडा सैल झाला. मी स्वयंपाक सोडून बसून राहिले. दुपारी तीनपर्यंत सहा रोपं ताठ उभी होती. पाणी खालून वर चढत होतं, आणि ते मला झाडाच्या अंगावरून दिसत होतं. सलाईन लावल्यावर माणसाच्या तोंडावर रंग परत येताना मी खूप वेळा पाहिलाय, पण तिथं बाटली असते, सुई असते, आपण काही केलं असं वाटतं. इथं मी फक्त पाणी ओतलं होतं. बाकी सगळं त्याचं त्यानं केलं. मी मोठ्यानं म्हणाले, "अरे देवा." तीन रोपं मात्र गेली.

पौषात फुलं आली. पिवळी, खाली मान घातलेली, पाकळ्या मागे वळलेल्या. पानांना हात लागला की बोटं हिरवी-पिवळी व्हायची आणि तो उग्र वास दिवसभर जायचा नाही. मला तो आवडायला लागला. मी खुशीत होते. वाडीवर निरोपही धाडला, की फुलं आली.

मग फुलं गळायला लागली. आज एक, उद्या तीन. देठाजवळ पिवळं पडायचं आणि सकाळी फरशीवर सडा. फळ एकही नाही. एक आठवडा असाच गेला, दुसराही. खत घातलं, पाणी कमी केलं, पाणी वाढवलं. हे रोज कॅलेंडर उलटून बघायचे. होळी दोन महिन्यांवर आली होती आणि टोमॅटो पिकायलाच दीड महिना लागतो. रोज सकाळी केर काढताना मी ती फुलं मोजून सुपलीत भरायची. घरातलं होतं नव्हतं ते बी तिनं माझ्याकडे दिलं होतं. मी हरले तर पुन्हा कुठून आणणार होती ती?

शेवटी एका बाजाराच्या दिवशी ती स्वतः आली. मी तिला सरळ खिडकीपाशी नेलं आणि म्हटलं, "बघ. धरत नाहीत." तिनं फूल उलटं करून बघितलं, जाळी बघितली, खिडकीबाहेर बघितलं.

"भुंगा कुठं हाय?" तिनं विचारलं.

"भुंगा?"

"भुंगा येतो, फुलाला लोंबतो, गुरगुरतो. मंग धरतं. तुझ्या घरात भुंगा नाय, तर कसं धरंल?"

मी कपाळावर हात मारला. माकडाला अडवणारी जाळी भुंग्यालाही अडवत होती. शाळेत परागकण शिकले होते, पास झाले होते, आणि ते बाकावरच सोडून आले होते.

मी तडक जाळी सरकवली. म्हटलं, येऊ दे आता भुंगे. आम्ही दोघी चहा घ्यायला आत वळलो, तेवढ्यात मागे डबा आपटल्याचा आवाज आला. गजांतून एक काळा केसाळ हात आत आला होता आणि त्यानं कडेचं रोप मुळासकट उपटलं होतं. बाहेर छज्ज्यावर बसून माकडानं एक फूल चावलं, थुंकलं आणि माझ्याकडे असं बघितलं जणू चूक माझीच. दुष्काळात तेरावा महिना. मी जाळी लावली आणि खरं सांगते, रडले. ती हसत होती. "रडतीस काय गं? पाच हायत अजून."

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. वाजला म्हणजे थरथरला. निवृत्तीपासून मी त्याचा आवाज बंदच ठेवते. तो स्टीलच्या डब्यावर पडला होता आणि डब्यावर गुरगुरत सरकत होता. तिनं मान वळवली, फोनकडे बघितलं, मग झाडाकडे.

"ह्यो बघ तुझा भुंगा," ती म्हणाली.

ती थट्टा करत होती. पण मी फोन उचलला आणि तसाच थरथरता, फुलांच्या घोसाखाली देठाला टेकवला. देठ थरथरायला लागलं. फुलं इतक्या बारीक लयीत हलत होती की नजर ठरेना. आणि त्यांच्यातून पिवळट पूड खाली पडली. धुरासारखी, पिठाच्या चाळणीतून पडावी तशी. ती फोनच्या काळ्या काचेवर उतरली आणि काच पिवळी दिसायला लागली.

आम्ही दोघी त्या काचेवर वाकलो. इतके दिवस हे सगळं फुलाच्या आत बंद होतं. दार होतं, पण ते हातानं उघडणारं नव्हतं. कुणीतरी नेमक्या आवाजात गुरगुरावं म्हणून ते वाट बघत होतं. भुंग्याला हे कुणी शिकवलं? फुलाला भुंग्याची चाल कुणी सांगितली? मी पस्तीस वर्षं विज्ञानाच्या नावानं लोकांशी भांडले, आणि त्या दुपारी मला त्या काचेला नमस्कार करावासा वाटला. केलाही.

फोन थांबला. फोन तिच्या लेकीचा होता. तीच नवरी. आईकडे फोन नाही, म्हणून आई कधी निघते ते विचारायला ती मला लावत होती. मी तिला लावून म्हटलं, "परत कर. आणि मी उचलणार नाही."

"का गं आत्या? रागावलीस?"

"नाही गं. तुझं बी धरायचंय."

तिला काही कळलं नाही, पण तिनं केला. पाच झाडांना पाच वेळा.

पुढचा सगळा महिना हा आमचा नेम झाला. तिच्या वाडीवर रेंज नाही. वाडीच्या मागे एक टेकाड आहे, तिथल्या एका दगडावर उभं राहिलं की मिळते. सकाळी दहाला, माझ्या खिडकीतलं ऊन जरा तापलं की, ती पोरगी त्या दगडावर चढायची आणि मला मिस कॉल द्यायची. मी इथं फोन देठाला लावून उभी. एक संपला की दुसरा. एकदा सवयीनं मी उचलला तर पलीकडून ओरडली, "आत्या, उचलू नकोस ना!" लग्न ठरलेली पोर, अंगावर कामाचा डोंगर, पण खाडा केला नाही. ज्या बियांचे कोंब तिच्या सासरच्या मोरीवर उगवायचे होते, त्यांना ती डोंगरावरून हलवत होती. आम्हा तिघींनाही हे कळत होतं.

पाचव्या दिवशी एक फूल वाळलं, पण पडलं नाही. मी वाळलेल्या पाकळ्या हळूच बाजूला केल्या. आत हिरवा ठिपका होता, टाचणीच्या डोक्याएवढा. मी ह्यांना हाक मारली. हे आले, वाकले, चष्मा वर केला, खाली केला. मग त्यांनी डब्यात बोट खुपसून ओल बघितली आणि पेला भरून आणला.

फळं फुगत गेली. हिरवी, मग पांढुरकी, आणि मग एक दिवस बुडाशी केशरी छटा. रोज सकाळी ती किंचित वर सरकलेली असायची. शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात बावीस टोमॅटो लालभडक झाले.

ती आली, एक तोडला, पदराला पुसला आणि तोंडात टाकला. मी तिच्याकडे बघत होते. घरातल्या मातीत, रंगाच्या डब्यात, फोनच्या थरथरीवर वाढलेलं फळ. चव बदलली असली तर? तिचे डोळे आंबटपणानं मिटले. उघडले तेव्हा भरलेले होते.

"आयेच्या मोरीचंच हाय," ती म्हणाली.

मीही एक खाल्ला. आंबट असा की कानशिलं दुखली. तिच्या आईच्या जिभेवर जी चव होती, तीच आज माझ्या जिभेवर होती, आणि ती बाई मी कधी पाहिलीही नव्हती. 

आम्ही बाकीचे चिरले, गर दोन दिवस वाटीत ठेवून बी सुटं केलं, धुतलं, वाळवलं. तिनं ते राख आणि शेणात कालवून माझ्याच ओट्यावर गोळा वळला. या वेळी मी ओरडले नाही.

पाठवणीला आम्ही दोघं वाडीवर गेलो. सासर खालापूरकडच्या वाडीत, एक्स्प्रेस वेच्या पलीकडे. वऱ्हाडाचा टेंपो खाली रस्त्यावर उभा होता. पोरगी हमसून रडत होती. आईनं तिच्या पदराचं टोक ओढलं, गोळा ठेवला आणि घट्ट गाठ मारली. तोच गोळा. दुसरा मला कुठं दिसेना.

"तुझा कुठाय?" मी विचारलं.

"माझा कसला?"

"अगं, सगळं बी दिलंस? तुला काही ठेवलं नाहीस?" माझा आवाज चढलाच. "दोन वर्षं माकडांनी खाल्लं, मी घरी रडले, आणि तू एक बी ठेवलं नाहीस?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू एवढी शिकलेली बाई आणि एवढंही कळू नये.

"मी ठेवलं, तर ती कशाला येईल?" ती म्हणाली. "सासू म्हनंल काम हाय, वीटभट्टीवर जायचंय, कशाला जातीस म्हायेराला. पन बी परत द्यायला जाते म्हनली, तर कोन अडवनार? बियाला अडवत नाय कोनी. आयेनं मलापन सगळं दिल्यालं. दर साल मी मूठभर घेऊन जायाची तिच्याकडं. ती असंपर्यंत."

टेंपो सुरू झाला. पोरीनं एका हातानं दांडा धरला होता आणि दुसरा हात पदराच्या गाठीवर होता. वळणापर्यंत तो हात तिथून हलला नाही.

माझ्या आईनं मला लग्नात कपाट दिलं, शिलाई मशीन दिलं, तांब्या-पितळेची भांडी दिली. परत आणून द्यावं असं काहीच दिलं नाही. तिच्याकडे जायला मला कारण लागायचं, आणि लसीकरणाच्या, सर्व्हेच्या धबडग्यात ते कारण वर्षा-वर्षात मिळायचं नाही. शेवटी गेले ती तिच्या दहाव्याला.